न वाचणाऱ्या दाजींना कोणतं पुस्तक द्यावं?

पावशेर (धागाकर्ता)

मंडळी, जरा मदत हवी आहे.

माझे दाजी भोसरीत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहेत. वय सेहेचाळीस. तीन पाळ्या, कंपनीची बस, जाऊन-येऊन पावणेदोन तास. दहावीनंतर आयटीआय केलं आणि तेव्हापासून पेपर सोडला तर छापील काही वाचताना मी त्यांना पाहिलेलं नाही. गेल्या भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो, तर ताटावरून उठता उठता आपणहून म्हणाले, "मेहुणं, बसमध्ये मोबाइल बघून बघून डोकं उठतंय. एखादं पुस्तक द्या की."

मला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्याच दिवशी माझी 'मृत्युंजय'ची प्रत नेऊन दिली. अकरावीत तीन रात्री जागून वाचलेली, मागच्या पानावर तारखेसकट सही केलेली. देताना पंधरा मिनिटं भाषणही दिलं. सहा जणांच्या तोंडून गोष्ट कशी सांगितली आहे, शोणाचं प्रकरण कसं आहे, वगैरे.

फेब्रुवारीत पुस्तक परत आलं. छान खाकी कव्हर घातलेलं, वर भाचीच्या अक्षरात नाव. आत तेविसाव्या पानावर गेटपासची चिठ्ठी. दाजी म्हणाले, "भारी आहे पुस्तक," आणि लगेच चहाचं विचारायला आत गेले.

तर प्रश्न असा. तुमच्या आवडीचं कोणतं पुस्तक तुम्ही न वाचणाऱ्या माणसाला दिलंत आणि त्यानं ते *संपवलं*? 'आवडलं म्हणाला' चालणार नाही. आवडलं तर दाजीपण म्हणाले.

---

हापूसमामा

श्यामची आई. प्रश्नच मिटला.

पावशेर

मामा, ते घरात आहेच. ताईला सातवीत बक्षीस मिळालेलं. बक्षिसाची पुस्तकं कुणी उघडतं का?

हापूसमामा

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलं ते, १९३३ साली. आणि आपण शोकेसमध्ये ठेवतो. असो. सूचना मागे घेतो.

---

उदाहरणार्थवगैरे

माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. न वाचणाऱ्याला 'सोपं' द्यायचं ही कल्पनाच अपमानास्पद आहे. सेहेचाळीस वर्षांचा, मायक्रॉनमध्ये माप धरणारा माणूस, त्याला काय बालवाडीत बसवणार? मला हॉस्टेलवर एका सीनियरनं थेट नेमाड्यांची 'कोसला' दिली होती. त्याआधी मी फक्त क्रिकेटची मासिकं वाचायचो. पहिल्या चाळीस पानांत काही कळलं नाही, पण हा पांडुरंग सांगवीकर आपल्याच मेसमध्ये जेवतो असं वाटत राहिलं. पहिल्यापासून चांगलंच द्या. जिभेला एकदा पाकाची सवय लागली की भाकरी कडू लागते.

म्हशीवाला पाटील

भाकरी कुणालाच कडू लागत नाही ओ साहेब, भूक पायजे.

उदाहरणार्थवगैरे

पाटील, 😄 मान्य. पण मुद्दा लक्षात घ्या.

सह्यउनाड

मुद्दा लक्षात आला आणि अर्धा पटला. पण तुमचं हॉस्टेल होतं म्हणून 'कोसला' लागली. कॉलेजात पाऊल न टाकलेल्या माणसाला ती तशीच लागेल का, हा प्रश्न आहे.

माझा अनुभव सांगतो. एक ट्रेकमित्र, सिव्हिल डिप्लोमा, घाटरस्त्यांच्या कामांवर सुपरवायझर. वर्षातले आठ महिने साइटवर पत्र्याच्या खोलीत. वाचन शून्य. त्याला प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंगढांग' दिलं. हिमालयात उभ्या कड्यातून लष्करासाठी रस्ता काढायचा आहे, त्यावर एक तरुण इंजिनिअर, वरून लष्करी हुकूम, खालून मजुरांचे जीव. पेंढारकर फिल्म्स डिव्हिजनमध्ये माहितीपट करायचे, त्यामुळे कॅमेरा लावल्यासारखं दिसतं सगळं.

चौथ्या दिवशी रात्री अकराला फोन. मला वाटलं अपघात वगैरे. तर हा म्हणतो, "अरे, सुरुंग लावताना माणूस मागं कसा बघतो ते यानं कसं काय लिहिलं?" मग तासभर स्वतःच्या साइटवरचे किस्से. मी त्याला पंधरा वर्षं ओळखतो, त्यातला एकही आधी सांगितला नव्हता. पुस्तक परत दिलेलं नाही. सध्या त्याच्या जेसीबीवाल्याकडे आहे म्हणे.

तांबडीमाती

+१. शेजारी कृषी सहायक राहतात, त्यांच्या बाबतीत 'एक होता कार्व्हर'नं हेच केलं. गुलामगिरीत जन्मलेला पोरगा, कापसानं खाल्लेली जमीन भुईमुगानं सुधारतो. त्यांनी ते मातीपरीक्षणाचा अहवाल वाचावा तसं पेन घेऊन वाचलं. समासात नत्राबद्दल टिपा आहेत.

---

रात्रपाळी

मी या धाग्यातली 'न वाचणारी' आहे. म्हणजे होते. तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून जरा आमच्या बाजूचं.

मी नर्स आहे. रात्रीची ड्यूटी. दोन ते चार या वेळात वॉर्ड शांत असतो, पण तो शांतपणा भरवशाचा नसतो. कधी बेल वाजेल सांगता येत नाही. ड्यूटीरूमच्या ड्रॉवरमध्ये कुणीतरी विसरलेलं एक पुस्तक होतं, कव्हर फाटलेलं, नावाचं पानही नव्हतं. सलाइनच्या बाटल्यांच्या यादीखाली दोन महिने पडलेलं. एका रात्री उघडलं. एक लहान मुलगा, आजी-आजोबांकडे राहतो, बोलताना मध्येच कानडी हेल, आणि प्रत्येक गोष्टीला 'मॅड' म्हणतो. मी एकटीच हसले. समोरच्या कॉटवरच्या आजी म्हणाल्या, "काय झालं गं?" मग त्यांनाही दोन पानं वाचून दाखवली.

नंतर कळलं, ते प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' होतं. लंपनची आणखी तीन पुस्तकं आहेत हेही नंतर कळलं. मग विकत घेतली, आयुष्यात पहिल्यांदा.

मला ते का जमलं, सांगते. एक, गोष्ट एका बैठकीत संपते. कादंबरीत परत शिरायला जो वेळ लागतो, तेवढ्यात माझी बेल वाजते. दोन, मला ते कुणी *दिलं* नव्हतं. माझी मैत्रीण फार वाचते. ती पुस्तक देते आणि मग दर आठवड्याला विचारते, "कुठपर्यंत आलीस?" शाळेत गृहपाठ तपासायचे तसं. मग मी तिचा फोनच उचलत नाही. पुस्तकही वाचत नाही आणि मैत्रीणही जाते.

आणि पावशेर, एक विचारू? दाजींना चष्मा आहे का?

पावशेर

नाही. म्हणजे मी कधी बघितला नाही.

रात्रपाळी

वय सेहेचाळीस म्हणालात. मोबाइल हात लांब करून बघतात का?

पावशेर

…हो.

रात्रपाळी

मग आधी चाळिशी. हलत्या बसमध्ये, बारीक टाइप, चष्मा नाही. तेवीस पानं वाचली हेच खूप झालं.

उदाहरणार्थवगैरे

इथे मी माझे दोन्ही प्रतिसाद गिळतो.

---

दुपारचा चहा

चष्म्यावरून आठवलं. माझ्या सासूबाई 'वाचत नाहीत' असं आमच्या घरात सगळे म्हणतात, मीसुद्धा. पण त्या दरवर्षी सात दिवसांत अख्ख्या गुरुचरित्राचं पारायण करतात. ते वाचन नाही तर काय आहे? पोथीचा टाइप हा एवढा मोठा असतो, आणि ओवीला चाल असते, म्हणून जातं भराभर.

गेल्या वर्षी मी 'स्मृतिचित्रे' आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. काही बोलले नाही. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या, आणि लिहिलंय असं की जणू निवडायचं ताट मांडीवर घेऊन बोलताहेत. तीन दिवसांनी सासूबाई स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "हा टिळक म्हणजे अगदी तुझ्या सासऱ्यांसारखा गं, घरात मीठ नाही आणि हा पाहुणे आणतोय." नंतर एक मोठं भिंग मागवून घेतलं. अजून चाललंय. वर्ष झालं, पण चाललंय. पावशेर, तुमच्या अटीत बसत नाही, माहितीये.

पणजीकरीण

आमच्याकडे नवरा. पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत मी दर शनिवारी जाते, तो एसीसाठी सोबत येतो. (१८३२ पासूनची लायब्ररी, आणि हा एसीला येतो!) एकदा कंटाळून जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' उचललं. तो पेडण्याचा. त्याला त्यात आपलेच काका-मामा दिसले. गाडीत बसेपर्यंत हसत होता. घरी न्यायला माझ्या कार्डावर घेतलं, आणि आता माझं कार्ड तोच वापरतो.

---

म्हशीवाला पाटील

आमचं जरा येगळं हाय. वडील एकाहत्तर, चौथी पास, वाचायला येतं पण अक्षर लावत बसावं लागतं. संध्याकाळी धारा काढून दूध डेअरीला घालून आलं की जेवणापर्यंत तासभर मोकळा. आदी मोबाइलवर शंकर पाटलांचं कथाकथन लावायचो. ते, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर, तिघं गावोगाव स्टेजवर गोष्टी सांगत फिरायचे. वडलांनी त्यांना तरुणपणी ऐकलं हाय म्हणं, जत्रंत.

एकदा रेंज गेली. गोष्ट अर्धी. म्हातारा अस्वस्थ. मग मी तालुक्याच्या लायब्ररीतनं पुस्तक आणलं आणि उरलेली वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी म्हणलं, आणिक हायत का ह्यात? आता रोज एक. शेजारचे दोघं बी येऊन बसत्यात. म्हशीच्या गव्हाणीपाशी वाचनालय झालंय. पानांना शेणाचा वास लागलाय, लायब्ररीवाले काय म्हणतील ते म्हणतील.

बोस्टनबोरकर

पाटील, मत्सर वाटला. इथे पंधरा वर्षांच्या लेकीला मराठी वाचता येतं, पण गोगलगायीच्या वेगानं. कादंबरी दिली की पानांचा आकडा बघून गळाठते. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत ठेवलेत, १९७१ पासूनचे. त्यातली एक गोष्ट, दोन पानं, संपली. चित्रं बघून ती स्वतःच पुढचा अंक उघडते. आणि फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा तिला का आवडतो मला कळत नाही, तिनं सायकलवर कुणाला पकडलेलं पाहिलेलंच नाही. पण 'ट्टॉक्' कळतं.

---

उदाहरणार्थवगैरे

मत्सर मलाही वाटला. पण एक प्रश्न राहतोच. धारपांच्या भयकथा, शिरवळकर, रहस्यकथा, हे दिलं तर माणूस तिथेच थांबत नाही का? शिरवळकरांची 'दुनियादारी' वाचलेले शंभर भेटतात. त्यांनी पुढे काय वाचलं विचारा, तर २०१३ साली सिनेमा पाहिला म्हणतात.

देवघेव

नमस्कार. मी सहसा नुसतं वाचतो, पण इथे राहवलं नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बावीस देवघेवीच्या टेबलावर. कोण काय नेतो आणि कितव्या दिवशी परत आणतो, हे मी लोकांच्या तोंडाकडे न बघता सांगू शकायचो.

धारप, मतकरी आणि शिरवळकरांची पुस्तकं आमच्याकडे दर दोन वर्षांनी नव्यानं बांधायला जायची. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराच्या वर रहस्यकथा. आमच्याकडे उरल्या होत्या तीस-चाळीस, त्याही शेवटची पानं गेलेल्या. खुनी कोण ते विचारायला लोक माझ्याकडे यायचे. ही मंडळी महिन्याची वर्गणी भरायची. त्या वर्गणीतून आम्ही मौज, पॉप्युलर अशा प्रकाशनांची पुस्तकं घ्यायचो, जी वर्षातून तीनदा बाहेर जायची. तेव्हा उदाहरणार्थवगैरे, तुमच्या नेमाड्यांची आमच्याकडची प्रत शिरवळकरांच्या वाचकांनी घेतलेली आहे.

थांबतात का? पुष्कळ थांबतात. त्यात काही बिघडलं असं मला कधी वाटलं नाही. एक एसटी कंडक्टर निवृत्तीपर्यंत फक्त भयकथा वाचत होता. माणूस समाधानी होता.

नवा सभासद आला की मी 'काय वाचायला आवडतं' असं कधी विचारलं नाही. ज्याला माहीत असतं तो विचारायला येत नाही, थेट कपाटाकडे जातो. मी विचारायचो, गाव कुठलं, दिवसभर काय करता, आणि घरी दिवा कुठे आहे. शेवटचा प्रश्न लोकांना गमतीचा वाटायचा. पण पलंगापासून दिवा लांब असला तर जाड पुस्तक द्यायचं नाही, हा माझा नियम. झोप येते, उठून दिवा कोण घालवणार?

पावशेर, दाजी मूळचे कुठले?

पावशेर

आटपाडी तालुक्यातले. त्यांच्या आजोबांकडे मेंढरं होती. दुष्काळात वडील पिंपरी-चिंचवडला आले.

देवघेव

अहो, मग तुम्ही त्यांना हस्तिनापूरला कशाला पाठवलंत?

व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ आटपाडी तालुक्यातच. त्यांची 'बनगरवाडी' द्या, मेंढपाळ धनगरांच्या वाडीची गोष्ट आहे. १९५५ ची कादंबरी, दीडशे पानांच्या आतबाहेर, टिफिनच्या पिशवीत बसते. आणि नवी कोरी देऊ नका.

पावशेर

नवी का नको?

देवघेव

बहिणीला विचारा, तुमचं पुस्तक बसमध्ये गेलं होतं का.

---

पावशेर

विचारलं. ताई म्हणाली, "अरे, ते पुस्तक त्यांनी बसमध्ये नेलंच नाही. तू सही केलेलं, जपून ठेवलेलं. हाताला कूलंटचा वास असतो, डाग पडेल म्हणून घाबरायचे. रविवारी आंघोळ करून, टेबलावर ठेवून वाचायचे. त्यात रविवारी कुणी ना कुणी येतंच."

मी साडेतीन महिने मनात काय काय बोललो होतो त्यांना.

हापूसमामा

खाकी कव्हर! तेव्हाच कळायला हवं होतं.

रात्रपाळी

चष्मा?

पावशेर

ताईच्या कानावर घातलंय. मी सांगितलं तर राग येईल.

---

पावशेर (तीन आठवड्यांनंतर)

धागा वर काढतोय.

चष्मा झाला. ताईनं स्वतःच्या नंबराचं निमित्त करून दोघांचे डोळे तपासून आणले. दाजींना दीड नंबर निघाला. कारखान्यात व्हर्नियर वाचायला गेली दोन वर्षं बाजूच्या पोराला बोलवायचे म्हणे, तेही आत्ता कळलं.

'बनगरवाडी'ची जुनी प्रत रस्त्यावरच्या गाडीवरून चाळीस रुपयांना घेतली. आधीच कुणाच्या तरी चहाचा गोल डाग. ताईकडे गेलो, चपला काढताना कपाटावर ठेवली, निघताना 'विसरलो'. भाषण नाही. ते एक फार जड गेलं.

आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी दुसरी पाळी सुटल्यावर, रात्री बारा वाजता फोन. पाठीमागे बसचा आवाज.

"मेहुणं, तुमचं एक पुस्तक ऱ्हायलंय हितं."

"हो का? असू दे."

"मेंढराच्या वाडग्याचा वास बरोबर लिवलाय गड्यानं. आमच्या आज्जाच्या घोंगड्याला यायचा तसाच." मग जरा थांबून, "तो कारभारी चोळीवरनं मास्तरवर रुसून बसलाय. पुढं बोलतोय का त्याच्याशी?"

देवघेव, तुमची शपथ, जिभेच्या टोकावर होतं. म्हटलं, "मला आठवत नाही."

"आठवत नाही म्हंजे? भाऊबीजेला तर म्हणत हुता, मराठीतलं सगळं वाचलंय!"

आणि रेंज गेली.

उदाहरणार्थवगैरे

आता पुढचं 'कोसला'?

देवघेव

अजिबात नको. ते पुस्तक परत मागू नका, एवढंच करा.

म्हशीवाला पाटील

आणि कारभाऱ्याचं काय झालं ते हितं कुणी लिवू नका. आमच्या गव्हाणीपाशी उद्यापास्नं तेच चालू करतोय.